चाकाच्या कमानीतला अंगठा

हॅस्केलने कागदावर ‘नंतरची ढिसाळ दुरुस्ती’ असं लिहून चार गुण कापले आणि रेनिटाच्या डोक्यात तिडीक गेली.

सेंट लुईसच्या त्या प्रदर्शनाच्या मैदानावर जुन्या कॉर्वेट मोटारी तपासायची रीत जगावेगळी होती. कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशीच हवी, डागांसकट. जास्त सुंदर केलीत की गुण गेले. हॅस्केल सगळ्यांत जुना तपासनीस. पहिल्या तीनशे पांढऱ्या गाड्या हातांनी बनवल्या गेल्या, तेव्हापासूनचं सगळं त्याला तोंडपाठ. हात कुणाचे, ते मात्र नाही.

रेनिटाने आणलेल्या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीत फायबरचे दोन तुकडे चिकटवलेल्या सांध्यावर एक अंगठा उमटला होता; गुण कापले ते त्यापायीच. तो रेनिटाच्या आजीचा, ओझेलाचा. तिने कारखान्यात नऊ वर्षं तेच सांधे भरले होते. ही गाडी भंगारवाल्याकडे दिसली तेव्हा आजीने आत हात घातला, ठशात आपल्या अंगठ्यावरचा तिरपा व्रण ओळखला आणि तिथंच गाडी विकत मागितली.

हॅस्केल गोड आवाजात म्हणाला, “बाळ, कारखान्यात जुळणीच्या ओळीवर सगळे हातमोजे घालायचे. तपासणीच्या पुस्तकात लिहिलंय.”

त्या ‘बाळ’ने रेनिटा आणखीच पेटली. आजीने पोर्क स्टेकची बशी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की दुपारपर्यंत राळ सुकून मोज्यांचं लाकूड व्हायचं, मुकादम घड्याळ घेऊन मागे उभा असायचा, म्हणून ती उजवा मोजा काढून टाकायची. तिने अंगठा ठशात बसवून दाखवला.

हॅस्केल म्हणाला, असा ठसा मागाहूनही पाडता येतो.

म्हणजे आजी खोटारडी. रेनिटा काही बोलणार एवढ्यात आजी पलीकडच्या लाल गाडीकडे निघाली होती. लेलंडची ती गाडी, सकाळीच तिला पैकीच्या पैकी मिळालेले. आजीने न बघता कमानीत हात फिरवला.

“हा घासलाय कुणीतरी. इतका गुळगुळीत सांधा आमच्या हातून एकही निघाला नाही. वेळच कुठं होता?”

लेलंडचे कान लाल झाले. अख्खा हिवाळा पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो, असं तो पुटपुटला. हॅस्केलने त्याचे चार गुण कापले आणि पुढच्या गाडीकडे वळला.

रेनिटा त्याच्या वाटेत उभी राहिली. “तिच्या बोटांवर विश्वास ठेवून त्याचे कापलेत ना? मग आमचे?”

मागे गाडीवाले जमले होते. हॅस्केलने पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं. मग कागदावरची ती ओळ खोडून काहीतरी लिहिलं.

“मोठ्यानं वाच,” आजी म्हणाली.

“मूळ काम.”

“कुणाचं, ते राहिलं,” रेनिटा म्हणाली, आणि त्याने आजीचं आडनाव विचारेपर्यंत ती वाटेतून हलली नाही.