मागे उभं राहणारं माणूस

शाळेच्या व्हॅनची तपासणी दरवर्षी व्हायचीच. कागदावर शिक्का पडला तर मुलं बसवायची, नाही तर गाडी दारात. व्हॅनकाकांना हे तोंडपाठ होतं, पण यंदा त्यांना धास्ती जरा जास्तच होती. शाळा उद्या उघडणार होती आणि सुट्टीभर त्यांच्या घरात नळाशिवाय कुणी आवाज केला नव्हता. शिक्का हुकला तर मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये जाणार. आणि मुलं एकदा दुसऱ्या खिडकीत रमली, की रमली.

गाडी त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली होती. टायर, हॉर्न, वायपर, हातब्रेक, सगळं. राहिला मागचा ब्रेकचा दिवा. आता हा दिवा मोठा गमतीचा. जो ब्रेक दाबतो, त्यालाच तो दिसत नाही. मागे कुणीतरी उभं राहावं लागतं. इतकी वर्षं काकू उभ्या राहायच्या, काठी टेकत, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडायच्या, "लागला!" मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. म्हणून यंदा काकांनी त्यांचीच काठी सीट आणि पेडलच्या मध्ये घट्ट अडकवली नि स्वतः मागे जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे लालभडक! शेजाऱ्याला हाक मारायची वेळ टळली.

तपासणीच्या आवारात निरीक्षक मॅडम गाडीच्या मागे गेल्या. "दाबा ब्रेक."

काकांनी दाबला.

"दाबा म्हटलं!"

"दाबलाय की!"

"अजून."

काकांनी जोर लावला.

"हां, आता लागला." मॅडम पुढे आल्या. "पेडल अर्धं खाली गेल्यावर लागतोय. पाय टेकताच लागायला हवा. नापास."

"घरी तर लागत होता हो! काठी लावून पाहिला मी."

"काठी जोरातच दाबणार, काका. तिला हळू कुठं येतं?"

काकांनी पायाखालच्या पेडलकडे पाहिलं. मुलांना हिसका बसू नये म्हणून ते नेहमी अलगद ब्रेक लावायचे. पोरांच्या आया कौतुक करायच्या. म्हणजे दिवा लागतच नव्हता, आणि व्हॅन थांबतेय हे मागच्या गाडीला कळतच नव्हतं. काकू असत्या तर पहिल्याच दाबाला ओरडल्या असत्या, "अहो, लागत नाहीये!"

"आवार बंद व्हायच्या आत नीट करा. परत बघते," मॅडम म्हणाल्या.

काम एवढंसंच होतं. पेडलच्या वर दिव्याचं बटण असतं, ते जरासं सरकवायचं. पण सरकवायचं इथं आणि बघायचं तिथं. पाना घेऊन काका दाराशी गुडघे टेकून बसले. हात सीटमागे ठेवलेल्या काकूंच्या काठीकडे गेला आणि परत आला. मागे रांगेत एक टेंपोवाला जांभया देत उभा होता. त्याला हाक मारण्याआधी काकांना घसा खाकरावा लागला.

"अहो, जरा मागे उभं राहता का?"

"ढकलायचीय का गाडी?"

"नाही हो. नुसतं बघायचंय."

"ते जमतं आपल्याला. घरी बायकोही म्हणते, नुसते बघत बसता," म्हणत तो मागे गेला.

काकांनी बटण सरकवलं, पेडल हाताने अलगद दाबलं. "लागला?"

"नाय."

पुन्हा थोडं सरकवलं. "आता?"

"अंधार."

आणखी केसभर.

"लागला!" टेंपोवाला असा ओरडला, की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं.

काकांनी हात काढला.

"गेला!"

काका सीटवर बसले आणि पाय नुसता टेकवला.

"लागला!"

मॅडमनीही ते पाहिलं आणि शिक्का आणायला त्या आत वळल्या. काम झालं होतं. तरी काकांनी पाय उचलून पुन्हा टेकवला.

"अहो, लागला म्हणतोय ना, काका! खात्री होईना का?"

"झाली," काका म्हणाले. "अजून एकदाच बघा."