भरतीचं पान

"आंबाजी, पाणी थांबलं तसा तू बी थांबलास! मला पल्याड जायाचं हाय का न्हाय?"

सोनाबाईने मासळीची पाटी होडीत ठेवली आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. होडीच्या टोकाला पूर्वेकडे तोंड करून अंबाजी बसला होता. मांडीवर पातळसं पुस्तक, ओळीवर बोट, आणि एकेक अक्षर मोठ्याने.

"किरिस्ताव झाला जनू," ती बाकीच्या उतारूंना म्हणाली. "सा म्हयनं झालं. भरती भरली का ह्याचं पान सुरू."

दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी तर, म्हणजे उतारूंची होडी, अंबाजी वीस वर्षं हाकत होता. इतक्या वर्षांत त्याने कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि आता रोज ठेवत होता. लोक कुरकुरत, पण दुसरी होडी नव्हती.

पुस्तक बायबलातलं होतं, चाळीस पानांचं, येशूच्या चरित्राचं. अंबाजी किरिस्ताव वगैरे काही झाला नव्हता. ते वाचन त्याच्या बायकोसाठी होतं.

गेल्या वर्षी तुळशीच्या कानांच्या पाळ्या जाड झाल्या, बोटं बधिर झाली. चुलीतला निखारा हाताला लागला तरी तिला कळेना. गावाने नाव घेतलं, रक्तपिती. चार शहाणी माणसं दारात आली आणि म्हणाली, "हिला मिशनच्या आश्रमात धाड. न्हायतर तुझ्या होडीत कोन बसंल?" खाडीच्या वरच्या टोकाला महारोग्यांचा आश्रम होता. अंबाजीने त्याच होडीतून तिला पलीकडे नेलं. तिथून पुढे आश्रमाची बैलगाडी येणार होती.

पलीकडे चिखल होता. उतरताना तुळशीने रोजच्या सवयीने हात पुढे केला. धक्क्यावर दहा-पंधरा माणसं बघत उभी होती. अंबाजीने हात दिला नाही. त्याने वल्हं पुढे केलं. तिने वल्ह्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि ते धरून ती उतरली. परत आल्यावर सगळ्यांच्या देखत त्याने ते वल्हं खाऱ्या पाण्याने तीनदा धुतलं. माणूस भित्रा असला की स्वच्छता फार पाळतो.

तिला भेटायला जायची त्याची छाती झाली नाही. तिकडे पाय ठेवला तर होडी बंद, हे गावाने बजावलंच होतं. मग पावसाळ्याच्या तोंडाला आश्रमातल्या नर्स रतनबाई तरीवर आल्या आणि त्यांनी हे पुस्तक त्याच्या हातात ठेवलं.

"तुळशीकडेही असंच आहे, भाऊ. मी तिला वाचून दाखवते. तिचा निरोप आहे, भरती भरली की तुम्ही इथे एक पान वाचायचं, ती तिथे ऐकेल. पाणी एकच आहे म्हणाली."

अंबाजीला अक्षर येत नव्हतं. पलीकडच्या शाळेचे मास्तर रोज तरीने जात. त्यांच्याकडून तो दोन महिन्यांत वाचायला शिकला. ज्याला पंचेचाळिसाव्या वर्षी 'क' कळला, त्याला अर्थ कुठून कळणार? ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरून जाई. पण त्याची त्याला खंत नव्हती. गावात पोथीचं पारायण कसं होतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. अंघोळ करायची, पूर्वेला बसायचं, एक अक्षर गाळायचं नाही आणि खंड पडू द्यायचा नाही. अर्थ विचारायची रीत नव्हती. चाळीस पानं संपली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. अशी चार पारायणं झाली. एकही भरती चुकली नव्हती, याचा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी पान संपवून त्याने होडी सोडली. पलीकडे धक्क्यावर रतनबाई उभ्या होत्या. उतारू गेल्यावर त्या खाली आल्या.

"तुळशी गेली, भाऊ. आठ दिवस झाले. तापाचं निमित्त झालं."

अंबाजी वल्हं धरून उभा राहिला. म्हणाला, "आठ दिस मी वाचीत व्हतो की."

रतनबाईंनी पिशवीतून तुळशीचं पुस्तक काढून दिलं. त्याने उघडलं. सगळी पानं नवी करकरीत होती. पाचवं पान तेवढं मळलेलं, औषधाच्या तेलाने पिवळं पडलेलं.

"बाकीची वाचलीच न्हाईत?"

"वाचू द्यायची नाही. रोज म्हणायची, तेच वाचा. मी वाचेपर्यंत पट्ट्या बांधलेला हात पानावर ठेवून बसायची."

"काय हाय त्यात?"

रतनबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचलंत ना?"

"चार डाव वाचलं."

मग त्यांनी सांगितलं. एक महारोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. त्याच्यापासून सगळे लांब पळायचे. येशूला त्याची दया येते, आणि तो हात पुढे करून त्याला शिवतो.

"एवढंच," रतनबाई म्हणाल्या. "ती एवढंच ऐकायची."

त्या कधी गेल्या, अंबाजीला कळलं नाही. रिकामी होडी घेऊन तो दिघीला परतला.

दुसऱ्या दिवशी भरती भरली तेव्हा तो होडीच्या टोकाला बसला. तुळशीचं पुस्तक उघडलं, पाचवं पान काढलं. आज बोट ओळीवर फिरलं नाही. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पिवळ्या डागावर त्याने पंजा ठेवला. डाग त्याच्या पंजापेक्षा लहान होता.

पाणी सुटलं, ओहोटी लागली.

"आंबाजी, आज वाचीत बी न्हाईस!" सोनाबाई ओरडली. "मग होडी सोड की!"

त्याने हात उचलला नाही.