मास्तरची करामत

"अहो, बघा तरी! मूठ जातेय आत!"

टेलर मास्तरची बायको घर आणि दुकान यांच्या मधल्या दारात उभी होती. ड्रेसची कंबर पुढे ओढून तिने आत स्वतःची मूठ घातली होती. "आठवडाभर चालले नाही तोच एवढा फरक!"

मास्तरच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे त्याला हसता आले नाही, ते बरेच झाले. "हूं," म्हणून त्याने मान खाली घातली आणि मशीन चालू केले.

करामत त्याचीच होती. आदल्या दुपारी ती झोपलेली असताना त्याने तिचे सगळे ड्रेस उसवले, शिवणीच्या आत राखून ठेवलेले कापड सोडले आणि पुन्हा शिवून जागच्या जागी टांगले. गिऱ्हाइकांची पोटे सुटली की तो हेच करी. फक्त त्यांना सांगून करी.

डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून तिला रोज चालायला सांगितले होते. ती सोमवारी जोमात निघे आणि बुधवारी गुडघा धरून बसे. नवे बूट आणून झाले, शेजारणीची सोबत करून झाली. वरच्या मजल्यावरची नणंद जिन्यातूनच विचारी, "काय वहिनी, आज बूट एकटेच फिरून आले का?" या विनोदावर मास्तर पोट धरधरून हसे. ते पोट मशीनला टेकत होते, पण पुरुषाच्या पोटाची चौकशी त्या घरात कोणी करत नसे.

त्या मुठीनंतर मात्र बाई बदललीच. गजराच्या आधी उठू लागली. थंडी असो, पाहुणे असोत, मैदानाला फेऱ्या मारून आल्याशिवाय चहाला तोंड लावेना. आरशासमोर बाजूने उभी राहून स्वतःला न्याहाळू लागली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला स्वतःचे काही आवडले होते. मास्तरला तिच्या आनंदापेक्षा आपल्या डोक्याचेच कौतुक जास्त.

काही महिन्यांनी ती म्हणाली, "अहो, खांद्यावरून घसरतंय हो हे. जरा आवळून द्या ना."

"राहू दे. चालायला सैलच बरं." आवळायचे तर टेप लावावी लागणार, आणि टेप लावली की माप जुनेच निघून बिंग फुटणार, ही त्याची भीती.

"आणि अलीकडे भूकच लागत नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं. दाखवून येऊ का?"

"झाल्या सबबी सुरू! आधी गुडघा होता, आता पोट."

ती ओशाळली. दुसऱ्या दिवशी एक फेरी जास्त मारून आली.

नणंदसुद्धा एकदा दुकानात येऊन हळू आवाजात म्हणाली, "दादा, वहिनी फार उतरलीय रे. तब्येत बरी आहे ना तिची?" तेव्हा मास्तरला राहवले नाही. त्याने सगळे सांगून टाकले. भाऊबहीण इतके हसले की बायकोने आतून विचारले, "काय झालं हो?"

"काही नाही, एका गिऱ्हाइकाचं!"

नणंद निर्धास्त होऊन वर गेली. मास्तर तर आधीपासूनच निर्धास्त होता. उभा जन्म त्याने माणसांकडे न बघता कपड्यांकडे बघितले होते. कपडा सैल दिसत होता आणि सैल कोणी केला ते त्याला ठाऊक होते.

मग एका सकाळी ती मैदानावरच कोसळली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "वजन कधीपासून उतरतंय?"

"उतरतंय नाही, उतरवलंय," ती म्हणाली. "चालून. एक दिवस खाडा केला नाही."

डॉक्टरांनी मास्तरकडे पाहिले. धावपळीत टेप त्याच्या गळ्यातच राहिली होती. "तुम्ही टेलर ना? बायकोचे कपडे एवढे ढिले झाले, तुमच्या लक्षात नाही आलं?"

मास्तरला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डॉक्टर त्याला बाहेर घेऊन गेले. गाठ पोटात होती आणि आता सगळीकडे पसरली होती. "थोडं आधी आणलं असतंत तर," एवढे बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तिला गाठीचे सांगितले, पण मास्तरने ड्रेसचे सांगितले नाही. सांगायचे तर तिच्याजवळ मिरवायला जे एकच होते, तेही काढून घ्यावे लागले असते.

ती इस्पितळातही सकाळी चालायची. शेजारच्या खाटेवरच्या जाड बाईला सांगायची, "पहिला आठवडा जड जातो बघा. नंतर पाय आपोआप निघतात." मग सलाइनचा स्टँड धरून लांबलचक व्हरांड्यात निघायची. इस्पितळाचा झगा सगळ्यांना एकाच मापाचा. तो पायात येऊ नये म्हणून मास्तर त्याचा घोळ मुठीत धरून मागोमाग जायचा.

"सगळे हसायचात मला," ती न वळता म्हणाली. "पण करून दाखवलं की नाही?"

"दाखवलंस."

"घरी गेलो की सगळे ड्रेस आवळून द्या. आणि माप नीट घ्या हं, अंदाजानं नको."

"घेतो."

व्हरांडा संपला. ती भिंतीला हात लावून थांबली, धाप ओसरू दिली आणि परत फिरली. मास्तरने हातातले कापड या मुठीतून त्या मुठीत घेतले आणि तिला वाट दिली.