भिंतीवर खडूची रेघ

“हात जरा लांब करा साहेब, अटक नाही करत आहे तुम्हाला,” ओठांत टाचण्या धरूनच शिवणवाली मावशी म्हणाली.

नव्या पाळकाला हसू आलं. येत्या रविवारी त्याची पहिली उपासना, त्यासाठी हा पांढरा झगा. या ख्रिस्ती देवळात तिच्या काळात आलेल्या तिन्ही पाळकांची मापं मावशीच्याच हातून गेलेली. पहिले आडवे, दुसरे उभे, हा नुसताच काटकुळा.

“मावशी, आनंदाची बातमी आहे. तुमच्या बाळाला आपण आत आणतोय.”

तिच्या हातातली टेप थांबली.

देवळामागच्या दफनभूमीला दगडी भिंत होती. आत गवत कापलेलं, बाहेर गुडघाभर. आतल्यांच्या उशाशी नावं, बाहेर एकच पांढरा गोटा. मावशीची लेक जन्मली त्याच पहाटे गेली, बाप्तिस्म्याचं पाणी कपाळाला लागायच्या आत. नाव ठेवायचं राहिलं, अंगडं घालायचं राहिलं, आणि भिंतीच्या आत निजायचंही राहिलं.

“पाण्यातून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, या वचनावर सगळं अडलं होतं ना?” पाळक उत्साहानं सांगू लागला. “पण ते कोण कुणाला म्हणालं, कधी म्हणालं, हे आम्ही आता आधी बघतो. रात्री गुपचूप भेटायला आलेल्या एका मोठ्या माणसाशी चाललेलं बोलणं आहे ते. तान्ह्या बाळाचा तिथं विषयच नाही!”

मावशीनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या.

“पहिले साहेब म्हणायचे, पाणी म्हणजे प्रलय, देऊळ म्हणजे तारू. तारवाबाहेरचं ते बुडालं. त्यांना प्रत्येक शब्दामागं दुसरंच काहीतरी दिसायचं. दुसरे साहेब म्हणाले, दुसरंबिसरं काही नाही, पाणी म्हणजे पाणी, लिहिलंय ते लिहिलंय. तुम्ही म्हणता, कुणाला म्हटलंय ते बघा. बघा बापडे. कापड तेच, ज्यानं त्यानं आपापल्या मापानं बेतलं. माझी पोर मात्र तिन्ही वेळा गवतात.”

“म्हणूनच तर तिला आत...”

“ती नाही हलायची. चूक तिची होती?”

“नाही.”

“मग तिनं का उठायचं? भिंत हलवा.”

“अहो, हाडं हलवायलाच देवळाच्या थोरल्या पंचांनी कशीबशी मान डोलावलीय. भिंतीचं नाव काढलं तर मलाच पुरतील!”

“आत पुरतील हो, काळजी नको,” मावशी म्हणाली. “झग्याला एकच बाही लावते. दुसरी भिंतीनंतर.”

रविवारी पाळकानं साध्या सदऱ्यावर उपासना घेतली. मंडळी कुजबुजत बाहेर आली, तर भिंतीवर खडूच्या दोन उभ्या रेघा, मध्ये शवपेटी सहज जाईल एवढी जागा. शेजारी मावशी, खांद्यावर टेप.

“हा कुणाचा उद्योग?” थोरले पंच कडाडले.

“माझा. कापड आधी आखतात, मग कापतात. इथं भिंत उघडली की बाहेरचं गवतही आतलंच.”

“डोकं फिरलंय का तुझं? माझ्या आजोबांनी बांधलीय ही भिंत!”

“छान बांधलीय. खडू कसा लख्ख उमटतो बघा.”

पंचांनी रुमालानं रेघ पुसली. मावशीनं पुन्हा ओढली. त्यांनी पुन्हा पुसली, तिनं पुन्हा ओढली. रुमाल पांढरा झाला, पंचांचा कोट पांढरा झाला, आणि मागं कुणीतरी खुदकन हसलं. मावशी हसली नाही. तिनं खडूचं टोक नखानं नीट केलं आणि त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिली.

मंडळीतून वाट काढत पाळक पुढं आला. त्यानं बाह्या दुमडल्या. दोन रेघांमधला सगळ्यात वरचा दगड धरला. दगड जागचा हलेना. पुन्हा जोर लावला, तेव्हा शेवाळासकट निघाला.

“साहेब, पंचांची परवानगी...” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“मागेन,” पाळक धापा टाकत म्हणाला. दगड त्यानं गवतात ठेवला, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळू.

मावशी वळसा घालून भिंतीबाहेर गेली. पांढऱ्या गोट्यापाशी बसली. पिशवीतून झगा आणि त्याची राहिलेली बाही काढली, सुईत दोरा ओवला, आणि दुसऱ्या दगडाची वाट बघत बसली.