ताब्यात मिळालेल्या वस्तू

माझा दादा सव्वीस वर्षं फौजेत होता आणि नंतरची चार वर्षं माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत. त्या चार वर्षांत त्याने एकदाही टॉवेल खुर्चीवर टाकला नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, किती गुणी माणूस. मीही कौतुकाने मान डोलवायचे. अक्कल गहाण पडली की माणूस अशाच माना डोलवतो.

मग माजी सैनिकांच्या वसाहतीत त्याला घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर आणि बसता येईल एवढी रुंद खिडकी. अर्ज करकरून चपला झिजल्या होत्या. अट एकच होती, घरात स्वतः राहायचं. तीन महिन्यांनी पाहणी होणार आणि घर बंद किंवा दुसऱ्याला दिलेलं निघालं, तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

पाहणीची तारीख कळली आणि दादाच्या अंगात वारं शिरलं. दोन दिवस तो फरशी घासत होता. कपडे ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली, भांडी कपाटात, कचऱ्याची बादलीसुद्धा धुऊन पालथी. पाहणीच्या बाई आल्या तेव्हा स्वारी इस्त्रीच्या कपड्यांत, हातात किल्ल्या घेऊन दाराशी ताठ उभी. त्याला वाटलं, बाई खूश होऊन गेल्या.

आठवड्याने पत्र आलं. घर वापरात नसल्याचं आढळलं आहे, पंधरा दिवसांत ताबा परत करावा.

फोनवर ते वाचून दाखवताना त्याचा आवाज जराही हलला नाही. मी शिलाईचं दुकान बंद करून तशीच धावले, गळ्यात मापाची फीत घेऊन. पोचले तर ट्रंक दाराशी तयार.

"पंधरा दिवस आहेत ना अजून?" मी ओरडले.

"आवरायला दहा मिनिटं लागली, मिरचे," तो म्हणाला. "चहा घेतेस?"

लहानपणापासून तो मला मिरची म्हणतो आणि मी त्या नावाला जागते. तडक वसाहतीचं कार्यालय गाठलं. पाहणीच्या त्याच बाई तिथे बसल्या होत्या.

"पाहणीपुरतं दार उघडायला येणारे खूप पाहिलेत मी," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या घरात दात घासायचा ब्रशसुद्धा दिसला नाही."

"तो ट्रंकेत असतो."

"ब्रश?"

"मोज्यांच्या डाव्या बाजूला."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी येते. पण हे शेवटचं."

रविवारी मी घरून पसाराच घेऊन गेले. जुनी वर्तमानपत्रं, कुंडी, उसवलेली उशी, नवऱ्याच्या चपला. सगळं मनासारखं विस्कटून दिलं आणि बजावलं, हात लावायचा नाही. सोमवारी जाऊन बघते तर वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावलेली, चपला भिंतीला समांतर आणि उशीला टाके घातलेले. टाके माझ्यापेक्षा बारीक होते, तेही झोंबलं.

"अरे, घर जाईल ना तुझं."

"रात्री झोपच येईना ते बघून," तो ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात बाई आल्या. या वेळी त्यांनी नीट पाहिलं. दारामागे एक कागद लावलेला होता, घराबरोबर ताब्यात मिळालेल्या वस्तूंची यादी. पलंग एक, गादी एक, खुर्च्या दोन, दिवे चार. दर आठवड्याला दादाने प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण केली होती. बाई पलंगावर टेकल्या तसा चरचर आवाज झाला.

"गादीचं प्लॅस्टिक काढलं नाहीत?"

"मी खाली झोपतो. चटईवर."

"का बरं?"

"जमा करताना जशी मिळाली तशी द्यावी लागते ना," दादा म्हणाला. जशी काही ही जगजाहीर गोष्ट होती.

माझ्या घरीसुद्धा रोज सकाळी त्याची वळकटी दाराशी असायची. तिला मी शिस्त म्हणत होते. चार वर्षं हा माणूस निघायच्या तयारीत होता आणि 'राहा रे, हे तुझंच आहे' एवढं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. एरवी हे तोंड मिटता मिटत नाही.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे घर जमा करायचं नसतं. तुम्ही आहात तोवर तुमचंच आहे."

दादाने थोडा विचार केला. "तसं लेखी मिळेल का?"

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी दारामागची यादी काढली, खाली लिहिलं, 'यातील काहीही परत घेणे नाही', आणि सही करून त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली. मग आधीचं पत्र रद्द करण्याबद्दल, फेरनोंदीबद्दल त्या बरंच बोलल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी गेले तर दार उघडायला वेळ लागला. दादाच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. प्लॅस्टिक चौकोनी घडी करून पलंगाखाली ठेवलं होतं, ते तेवढं चालायचंच. समोरच्या भिंतीवर वहिनीचा फोटो होता. ती गेल्यापासून तो ट्रंकेच्या तळाशी होता. फोटो जरा तिरका लागला होता आणि त्याने तो सरळ केलेला नव्हता.

पदर डोळ्यांना लावायला म्हणून दाराकडे वळले तर समोर ती यादी. दिवे चारच्या खाली त्याच्या ठसठशीत अक्षरात नवी ओळ होती: खिळा एक. माझा.