दिवाळीबेनचा दगड

शनाभाईने पुन्हा राखेत हात घातला आणि चटका बसताच काढून घेतला.

"कुकर आहे का तो, शिट्टी व्हायला?" शेजारच्या ओट्यावर शिंगाच्या हातोडीने मणी घडवत बसलेला मुसाभाई म्हणाला. "निवेल तेव्हा निवेल. बस खाली."

शनाभाई बसला. लगेच उठला. अंगणात फेरी मारून पुन्हा राखेपाशी आला.

राखेत मडकं होतं आणि मडक्यात अकीक. खाणीतून येतो तेव्हा हा दगड मळकट, राखाडी असतो. उन्हाळाभर तो गच्चीवर तापवायचा, उलटापालटा करायचा, मग मडक्यात भरून गोवऱ्यांच्या आचेत पुरायचा. पोटात लोह असलं तर ते आचेने फुलतं आणि दगड नारिंगी होतो. नसलं तर तो राखाडीच राहतो. मडकं मात्र पुरतं निवल्याशिवाय उघडायचं नाही. गरम दगडाला वारा लागला की तो तडकतो. खंभातमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही.

शनाभाईच्या घरी मडक्यावर तळवा टेकवून "आता उघडा" म्हणायचं काम बायकोचं, दिवाळीबेनचं. "तुम्हाला धीर कसला तो नाहीच," ती म्हणायची. "आईच्या पोटातूनही घाईनेच निघाला असाल."

यंदाचे दगडही तिनेच उन्हात फिरवले होते. त्यातला लिंबाएवढा एक शनाभाई फेकून देत होता. तिने त्याचा हात धरला.

"यात लोह आहे."

"माती आहे."

"लावा पैज. नारिंगी निघाला तर महिनाभर चहा तुम्ही करायचा."

"आणि नाही निघाला तर?"

"निघेल."

आषाढ लागायच्या आत ती गेली. दगड टोपलीत पडून राहिले. शनाभाई मुसाभाईकडे चहा पिऊ लागला. दिवाळीनंतर मुलीचा, हंसाचा, फोन आला. "बापूजी, आईने निवडलेला तो दगड मला द्या. कापू नका, अख्खाच गळ्यात घालीन." तेव्हा कुठे त्याने गोवऱ्या रचल्या.

आता ऊन ओट्यावर आलं. त्याने मडक्यावर तळवा ठेवला. गरम होतं. तितकंही नाही, त्याने स्वतःला सांगितलं आणि तोंडावरची खापरी उचलली.

टिक.

मुसाभाईची हातोडी थांबली. "उघडलंस? अरे गाढवा, हंसाला आता काय सांगशील?"

शनाभाईने फडक्याने तो दगड बाहेर काढला. त्याचे सरळ दोन तुकडे झाले होते. त्याने ते उन्हात धरले. वरून नारिंगी, आतूनही नारिंगी, अगदी गाभ्यापर्यंत. राखाडी ठिपका कुठेच नव्हता.



"तुकडे तर तुकडे," मुसाभाई हळू आवाजात म्हणाला. "ये, चहा घे."

"नको," शनाभाई म्हणाला. "आज माझ्याकडे."

"तुला येतो करता?"

"नाही."

तो आत गेला. साखरेचा डबा कुठे असतो तेही त्याला ठाऊक नव्हतं. तो एकेक डबा उघडून पाहू लागला.