काचेवरचं रक्त आणि सगुणाची नजर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या 'कांचनदीप' इमारतीसमोर त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की जाणाऱ्या बसगाड्या मुद्दाम हळू होत होत्या आणि प्रत्येक खिडकीतून एकेक मान बाहेर येत होती. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या काचेवरून लाल ओघळ खाली येत होते.

"रगत हाय गो, रगत!" जनाबाई ऊर बडवत ओरडली. "काच रडतेय!"

दसऱ्यानंतरचा दिवस होता, साल सत्त्याण्णव. दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत काच असलेली इमारत तेव्हा आमच्या भागात एकच, म्हणून आजूबाजूचे सगळे आमच्यावर जळायचे. पण खरी मजा इमारतीच्या आत होती. पहिल्या मजल्यावरचे ट्रॅव्हल एजंट गर्दी पाहून हरखले नाहीत, हिरमुसले. मला म्हणाले, "चमत्कार झाला तो तिसऱ्या मजल्यावर! आमच्या काचेत काय कमी होतं हो?" शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरीही येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "आमच्याकडे भिंती आहेत म्हणून, नाहीतर आमच्याकडेही झालं असतं." तळमजल्यावर बसून लोकांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. इतकी वर्षं लिहून एक कळलं आहे: माणूस आपलं नुकसान विसरतो, शेजाऱ्याचा फायदा मात्र कधी विसरत नाही.

आता ही काच पुसायची कशाने, ते सांगतो. बिल्डरने परदेशातून एक लांब पोल आणला होता. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकीत एक बसवलेल्या. ओढल्या की उंच होणाऱ्या. टोकाला ब्रश, ब्रशात बारीक भोकं. खाली चाकांच्या गाड्यावर टाकी आणि बॅटरीची मोटर. टाकीतलं पाणी पाइपातून वर जायचं आणि भोकांतून काचेवर उडायचं. माणूस जमिनीवर उभा, ब्रश तिसऱ्या मजल्यावर. हा पोल मिळाला भिवाजीला. त्याच्याबरोबर खाकी युनिफॉर्म आणि टोपीही. त्याचा धाकटा भाऊ नामा मात्र मागच्या बाजूला दोरीच्या झुल्यावर बसून बादली-फडक्यानेच काचा पुसायचा.

दोघे खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. भिवाजीची बायको जनाबाई, नामाची सगुणा. सगुणा बाजारातली मासळी विकून झाली की नवऱ्याचा डबा घेऊन यायची, आणि नवरा झुल्यावरून उतरेपर्यंत पुढच्या अंगणात उभी राहून त्या पोलकडे टक लावून बघायची. मी एकदा सहज विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"काय नाय शेठ. माज्या घोवाला मिळाला असता तर कसा दिसला असता, तां बघते."

हे तिने लपवून ठेवलं नाही. जनाबाईचं जळणं मात्र झाकलेलं होतं. सासू रखमाबाईचे गुडघे गेले, तेव्हा तिने बाजारातली आपली बसायची जागा सुनेला द्यायचं ठरवलं. कोळणीची बाजारातली जागा म्हणजे शेतकऱ्याचा सातबारा. सासूकडून सुनेकडे जाते, आणि थोरलीकडे जाते असा रिवाज. रखमाबाईने ती दिली धाकटीला. "थोरली गिऱ्हाइकाशी भांडते," एवढंच कारण सांगितलं. त्या दिवसापासून जनाबाईला जागेपणीही त्या जागेचीच स्वप्नं पडत होती.

लाल ओघळ दिसले आणि दुपारी पोपट महाराज आले. कोणी बोलावलं? जनाबाईने. महाराजांचा मुक्काम शीळफाट्याला. अंगात भगवी कफनी, पायात जाड लाकडी खडावा, आणि जिभेवर कायम एखादं विज्ञान.

"हा पोल म्हणजे अँटेना आहे, भक्तहो!" महाराज गरजले. "वरच्या लोकातलं खाली आणि खालच्या लोकातलं वर! कोणाची तरी वाईट नजर यात शिरली आहे. नजर म्हणजे काय? करंट! ॲल्युमिनियममधून करंट वाहतो की नाही?"

"वाहतो," गर्दीतला एक वायरमन म्हणाला. महाराजांना साक्षीदार मिळाला.

मग त्यांनी प्रयोग केला. ब्रश खाली घेतला. लिंबं कापून त्याच्यावर खसाखसा चोळली. पोल पुन्हा वर चढवला. गाड्याशेजारी उभं राहून डोळे मिटले, "थांब!" म्हणाले, आणि पाणी थांबलं. मोटर घरघरत होती, पण वरून थेंब नाही. "सोड!" म्हणाले, आणि पाणी सुटलं. लाल नव्हे, पिवळं!

"देवीचा भंडारा!" जनाबाईने जमिनीवर लोटांगण घातलं. तिच्यामागे निम्मी गर्दी.

संध्याकाळी पुन्हा पाणी लाल. दुसऱ्या दिवशी लिंबं, पुन्हा पिवळं. संध्याकाळी पुन्हा लाल. महाराजांनी सांगितलं, रोज सकाळी ब्रशला ताजी हळद चढवा. जनाबाई मनोभावे चढवू लागली. ट्रॅव्हल एजंटांनी भिवाजीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "उद्या जरा आमच्या काचेवर लावशील का पोल?"

आणि मग महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला. "नजर रोज परत येते. म्हणजे नजर लावणारी रोज इथे येते. ती उभी असेल तोवर पाणी अडेल. ती गेली की सुटेल."

जनाबाईने नाव घेतलं नाही. नुसती सगुणाच्या मासळीच्या पाटीकडे बघत राहिली. तेवढं पुरलं.

पुढच्या दोन-चार दिवसांत सगुणाची मासळी पाटीतच राहू लागली. ठरलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या कोळणीकडे वळली. बाजूला बसणारीने आपली पाटी हातभर लांब सरकवली. वाड्यात दोघी-तिघींनी तिला पाहून मुलांच्या तोंडावर पदर धरले. रखमाबाईपर्यंत सगळं पोचलं. म्हातारीने सांगितलं, "मी सोताच येते बघायला. खरं निघालं तर जागा थोरलीची, आन् धाकटीने माहेरची वाट धरायची."

नामा बायकोला म्हणाला, "तू उद्या येऊच नको."

"नाय आले तर खरंच झालं ना?" सगुणा म्हणाली. "येणार मी."

दुसऱ्या मजल्यावर विमलाबाई केमिस्ट्रीचे क्लास घ्यायच्या. शाळेतून निवृत्त, बारीक अंगकाठी, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. सगुणा त्यांची रोजची मासळीवाली. रखमाबाई येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी ती जिना चढून वर गेली. मी तिथेच विजेच्या बिलाचं विचारायला गेलो होतो.

"बाई, मी खरंच जळते त्या पोलवर," सगुणा म्हणाली. "माजी नजर लागली असंल का वो?"

"किती दिवस जळतेस?"

"आणला तवापासून."

"मग दसऱ्यापर्यंत काय तुझी नजर सुट्टीवर होती?" विमलाबाई म्हणाल्या. "रोज बघतेस ना त्याच्याकडे? मग काय दिसलं ते सांग. काय वाटलं ते नको."

सगुणा सांगू लागली, आणि मी थक्क झालो. भक्तांनी नुसता भंडारा पाहिला होता. हिने मत्सराने एकेक नळी पाहिली होती. दसऱ्याला अवजारांची पूजा झाली तेव्हा भिवाजीने ब्रशला हळदीचा गोळा थापला, कुंकू लावलं आणि ब्रशावरच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी, आपली काच नामाच्या काचेपेक्षा जास्त चमकावी म्हणून, टाकीत धुण्याचा सोडा ओतला. तेव्हापासून रोज ओततो.

"आन् बाई, पाणी थांबतं तवा म्हाराज डाव्या पायावर भार देतात. मोटरचा आवाज बदलतो, कन्हल्यागत. मासळीबाजारात बसून सवय लागलेय ना, माणूस वजन करताना हात कुठं ठेवतो तां बघायची."

विमलाबाईंनी खडू खाली ठेवला. "उद्या मी खाली येते."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. रखमाबाईला खुर्चीवर बसवलं होतं. महाराज गाड्याजवळ उभे, डोळे मिटलेले. सगुणा समोर उभी राहिली आणि पाणी थांबलं. "बघा!" महाराज म्हणाले. "चला बाई, फाटकाबाहेर." ती बाहेर गेली. पाणी सुटलं. गर्दीतून "हाकला तिला" असं ऐकू आलं. रखमाबाईने मान खाली घातली.

"महाराज," विमलाबाई पुढे झाल्या, "तुम्ही डोळे मिटूनच असता ना?"

"समाधीत असतो, माताजी."

"मग डोळ्यांवर हे उपरणं बांधलं तर समाधी मोडणार नाही. पाण्याला तर सगुणा दिसतेच आहे."

महाराज म्हणाले, "त्याची काय गरज?" पण शंभर माणसांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनीच तर नजर पाण्याला कळते असं सांगितलं होतं. ट्रॅव्हल एजंटांनी मोठ्या उत्साहाने उपरणं आवळून बांधलं.

सगुणा आत आली. "ही आली," विमलाबाई म्हणाल्या. पाणी थांबलं. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिला खुणावलं. सगुणा चपला हातात घेऊन फाटकाबाहेर गेली, रस्ता ओलांडून पानाच्या टपरीपाशी उभी राहिली. आम्ही वर बघत होतो. पाणी आलं नाही. महाराज मंत्र म्हणत होते, मोटर कण्हत होती, नजर लावणारी रस्त्यापलीकडे सुपारी कातरलेली बघत होती, आणि पाणी काही येईना.

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

विमलाबाईंनी तिला परत बोलावलं, आपल्या शेजारी उभं केलं, तिचं मनगट घट्ट धरलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरं सगुणा, आता तू जा बाहेर! अगदी दूर जा!"

फस्सकन पाणी सुटलं. महाराज विजयाने म्हणाले, "गेली ना?"

"नाय महाराज," सगुणा त्यांच्या कानाशी म्हणाली. "हितंच हाय."

असा हशा मी त्या रस्त्यावर पुन्हा ऐकला नाही. महाराजांनी उपरणं ओढून काढलं, पण विमलाबाईंचं बोट त्यांच्या डाव्या खडावेकडे होतं. खाली पाइप होता. खडावेच्या तळाला मधोमध खाच पाडलेली होती, पाइप बरोबर दाबला जाईल अशी. वायरमनने ती खडाव उचलून सगळ्यांना दाखवली. आधी करंटची साक्ष त्यानेच दिली होती, म्हणून जरा जास्तच उंच धरली.

"पण रगत?" जनाबाई किंचाळली. "रगताचं काय? तां पण पायानं आलं?"

विमलाबाई रखमाबाईकडे वळल्या. "आजी, तुमच्याकडे लग्नाच्या हळदीला सगळे पिवळे होतात. ते पांढरे कपडे धुताना साबण लागला की डाग कसा होतो?"

म्हातारी म्हणाली, "लाल व्हतो. लालभडक. साऱ्या वाड्याला ठावं हाय."

"आणि त्याच्यावर लिंबू पिळलं तर?"

"परत पिवळा."

पुढे काही बोलावं लागलं नाही. तिथल्या प्रत्येक बाईने जन्मभर तो चमत्कार धुण्याच्या दगडावर पाहिला होता. कपड्यावर दिसला की त्याला डाग म्हणायचं. काचेवर दिसला की पाया पडायचं! ब्रशाला हळद, टाकीत सोडा: झालं रक्त. वर लिंबू: झाला भंडारा. सोड्याचं पाणी वाहत राहिलं की संध्याकाळी पुन्हा रक्त. म्हणून तर महाराजांना रोज ताजी हळद हवी होती.

महाराजांचा पाय सुटला तरी पाणी बारीकच येत होतं. एकजण लगेच म्हणाला, "म्हणजे थोडी नजर शिल्लक आहे?"

"शिल्लक आहे ना," विमलाबाई म्हणाल्या. "उघडा ब्रश." भिवाजीने पोल खाली घेतला. टाकी उलटी करून सोड्याचं पाणी गटारात ओतलं, साधं गाळलेलं पाणी भरलं. ब्रशाचा स्क्रू काढला. भोकांत हळद-कुंकवाचा चिखल वाळून बसला होता आणि त्यात नारळाच्या शेंडीचे तंतू. विमलाबाईंनी साडीची पिन काढून दिली. भिवाजीने एकेक भोक मोकळं केलं, मग ब्रश न लावताच पाइपातून पाणी सोडून आतला गाळ वाहून जाऊ दिला, आणि ब्रश परत बसवून पोल वर चढवला. मोटर सुरू केली. पाणी सरळ तिसऱ्या मजल्यावर जाऊन आपटलं. लालही नाही, पिवळंही नाही. पाण्याच्या रंगाचं.

एवढ्या गडबडीत महाराज एका खडावेनिशी निघून गेले होते.

जनाबाई सासूच्या पायाशी बसली होती. "ती जळतेच माज्यावर," ती अजूनही पुटपुटत होती. "तिनं कबूल केलंय."

"हो, जळते," सगुणा सगळ्यांसमोर म्हणाली. "पन जाऊबाय, माज्या जळण्यानं तुमचा पोल बंद पडत असता, तर तुमच्या जळण्यानं माजी पाटीभर मासळी कवाच कुजली असती गो."

रखमाबाई खुर्चीवरून उठली, सगुणाचा हात धरून म्हणाली, "चल. बाजार उठायच्या आत जागेवर बस. मी बसते बाजूला. बघू कोन पाटी सरकवतं."

वाचकहो, मत्सर कोणाला चुकला आहे? पहिल्या मजल्याला तिसऱ्याचा, भिवाजीला नामाच्या काचेचा, जावेला जावेचा. तो वाईटच, पोट जाळतो, झोप नेतो. पण त्याने पाइप तुंबत नाही, गाय आटत नाही, मूल आजारी पडत नाही. तुंबतं ते कचऱ्याने, अडतं ते कोणाच्या तरी पायाखाली. तेव्हा वस्तू बंद पडली, तर आधी वस्तू उघडा. पाइप तपासा, भोकं तपासा, टाकीत काय ओतलं ते आठवा. आणि एवढं करूनही कळलं नाही, तर 'कळलं नाही' असं म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण न कळलेल्या गोष्टीसाठी एखादी बाई घराबाहेर काढू नका.